पंचवीस सीट, चाळीस विद्यार्थी आणि दर सोमवारी बंद पडणारा लायसन्स सर्व्हर

स. न. वि. वि.

मी एका विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागात सहायक प्राध्यापिका आहे. गेल्या जूनपासून विभागातल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी माझ्याकडे आली. सिम्युलेशनच्या एका पॅकेजची २५ नेटवर्क लायसन्स, म्हणजे एका वेळी २५ जणांना वापरता येतील एवढ्या सीट, आमच्याकडे आहेत. या सीट वाटणारा लायसन्स सर्व्हर फ्लेक्सनेट या सॉफ्टवेअरचा आहे आणि लॅबमधल्याच एका विंडोज पीसीवर चालतो. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची प्रॅक्टिकल एकाच वेळी असतात, २०-२० च्या दोन बॅचेस. निम्मी मुलं ‘लायसन्स मिळत नाही’ म्हणून नुसती बसून राहतात. पीएच.डी.चे विद्यार्थी म्हणतात, आमचे रन रात्रभर चालतात, मध्येच तोडू नका. एक ज्येष्ठ सर लॅपटॉपवर लायसन्स घेऊन जातात, ते महिना महिना परत येत नाही. दर सोमवारी सकाळी सर्व्हर बंदच सापडतो. विभागप्रमुखांनी आणखी १० सीट खरेदीचा प्रस्ताव करायला सांगितलं आहे. कुणी तरी असंही सुचवलं की उरलेल्या पीसींवर क्रॅक (लायसन्सशिवाय चालणारी बेकायदा प्रत) टाकून द्या, शिकवण्यासाठीच तर आहे. काय करावं?

— एक सहायक प्राध्यापिका

नमस्कार मॅडम,

१० सीटचा प्रस्ताव आत्ता पाठवू नका. चार आठवडे मागून घ्या. तुमच्या पत्रात चार वेगळ्या अडचणी एकात एक गुंतल्या आहेत: सर्व्हर पडतो, सीट अडकून राहतात, दोन बॅचेस एकाच वेळी लागतात, आणि पहिला हक्क कुणाचा हे विभागात कुणी ठरवलेलंच नाही. नव्या सीट घेऊन यातली एकही सुटत नाही. ३५ सीट झाल्या तरी मंगळवारी ४० मुलं येणार आणि सोमवारी सर्व्हर बंदच असणार.

सुरुवात सोमवारपासून करा. कारण सर्व्हर सलग चालला नाही तर पुढची कुठलीही मोजणी खरी निघणार नाही.

शनिवारी लॅब बंद करताना मेन स्विच पाडला जातो का, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी सोमवारच्या बिघाडाचं मूळ तिथेच असतं. तसं असेल तर तोच पीसी उचलून कार्यालयात किंवा संगणक केंद्रात, यूपीएस असलेल्या खोलीत ठेवा. लायसन्स फाइल यंत्राच्या होस्टआयडीला बांधलेली असते आणि तो बहुधा नेटवर्क कार्डाचा १२ अक्षरी-आकडी पत्ता असतो. पीसी तोच राहिला तर खोली बदलल्याने लायसन्स बिघडत नाही, विक्रेत्याकडून नवी फाइल घ्यावी लागत नाही. मात्र होस्टआयडी यूएसबीच्या लॅन अॅडाप्टरचा किंवा वायफायचा असेल तर सावध राहा. तो अॅडाप्टर कुणी काढला की सर्व्हर ‘इनव्हॅलिड होस्ट’ म्हणून उणे ९ ही त्रुटी देतो. या कामाला ताकदवान यंत्र लागत नाही, जुना पण भरवशाचा पीसी पुरतो.

त्या पीसीच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चालू व्हावं अशी सेटिंग असते. बहुतेक वेळा ती बंद असते, ती चालू करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप पूर्ण बंद करा. मग फ्लेक्सनेटचं एलएमटूल्स हे साधन उघडून सर्व्हिसच्या पानावर ‘युज सर्व्हिसेस’ आणि ‘स्टार्ट सर्व्हर अॅट पॉवर अप’ या दोन्ही खुणा आहेत का बघा. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत त्याच सर्व्हिसचा प्रकार ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करून ठेवा. नेटवर्क उभं राहण्याआधी सर्व्हर सुरू झाला तर होस्टआयडी सापडत नाही, आणि मग पीसी चालू पण लायसन्स बंद अशी विचित्र अवस्था होते.

घड्याळही बघा. पीसी जुना असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली असू शकते. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सर्व्हर उणे ८८ म्हणजे ‘घड्याळ मागे नेलं आहे’ असं म्हणून अडून बसतो. नाण्याएवढा सेल बदलायचा आणि वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय चालू ठेवायची, एवढंच काम आहे.

आता पोर्ट. फ्लेक्सनेटमध्ये दोन प्रोग्रॅम चालतात. एलएमजीआरडी हा मुख्य आणि त्याच्या हाताखाली विक्रेत्याचा स्वतःचा व्हेंडर डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम). सीट खऱ्या अर्थाने हा दुसरा वाटतो. मुख्य प्रोग्रॅमचा पोर्ट लायसन्स फाइलच्या ‘सर्व्हर’ या ओळीत लिहिलेला असतो. लिहिला नसेल तर २७००० ते २७००९ यांपैकी एक घेतला जातो. व्हेंडर डीमनचा पोर्ट मात्र ठरवून दिला नाही तर तो दर वेळी सुरू होताना नवा पोर्ट पकडतो. फायरवॉलमध्ये कालचा पोर्ट उघडा, आज डीमन भलत्याच पोर्टवर, आणि मुलांच्या पडद्यावर उणे १५ किंवा उणे ९६. ‘काही न बदलता बंद पडलं’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. लायसन्स फाइलमधल्या ‘व्हेंडर’ या ओळीच्या शेवटी पोर्ट हा शब्द आणि बरोबरचं चिन्ह (=) लिहून एक मोकळा क्रमांक द्या आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडा. फाइलमधलं यंत्राचं नाव, पोर्ट आणि फाइलचा मार्ग एवढंच हाताने बदलता येतं. बाकी मजकुरावर विक्रेत्याची डिजिटल सही असते, त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर ते लायसन्स अवैध ठरतं. पोर्ट पक्का केल्यावर सर्व्हर बंद केला तर पाचेक मिनिटं थांबून मगच चालू करा. जुनी जोडणी सुटायला थोडा वेळ लागतो, घाई केली तर पोर्ट व्यापलेला दिसतो आणि डीमन उठत नाही.

सर्व्हर नीट उभा राहिला की चार आठवड्यांची मोजणी सुरू करा.

डीबग लॉग म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींची नोंदवही; तिच्या फाइलच्या मार्गाआधी अधिकचं चिन्ह (+) लावा. ते नसेल तर सर्व्हर दर वेळी सुरू होताना जुना लॉग पुसून नवा लिहितो. त्यामुळे बहुतेक विभागांकडे मागच्या सोमवारपलीकडचा इतिहासच नसतो. लॉगमध्ये तीन शब्द शोधायचे: ‘आउट’ म्हणजे सीट घेतली, ‘इन’ म्हणजे परत आली, ‘डिनाइड’ म्हणजे नाकारली. वाचताना दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक ओळीत फक्त वेळ असते, तारीख नसते. तारीख मधूनमधून येणाऱ्या ‘टाइमस्टॅम्प’च्या ओळींत असते, म्हणून एक्सेलमध्ये सरळ टाकलं तर सोमवार आणि मंगळवार एकमेकांत मिसळतात. दुसरं, एकाच मुलाला सीट नाकारली की तो पुन्हा पुन्हा क्लिक करतो, आणि काही सॉफ्टवेअर स्वतःच पुन्हा मागणी करतात. ‘डिनाइड’च्या २०० ओळी म्हणजे २०० मुलं नव्हेत. एका यंत्रावरून दहा मिनिटांत आलेले सगळे नकार एकच धरा.

याच्या जोडीला विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून दर दहा मिनिटांनी एलएमस्टॅट (सीटची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवून त्याचं उत्तर फाइलमध्ये साठवा. दिवसाच्या १४४ नोंदी होतील, त्यांचा आलेख काढा. कुठल्या फीचरच्या किती सीट कुणाकडे, कुठल्या यंत्रावर, कधीपासून, हे सगळं त्यात येतं. फीचरचं नाव विशेष बघा. सिम्युलेशनच्या पॅकेजमध्ये मॉडेल तयार करायचा पडदा, सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) आणि प्रोसेसरच्या जास्तीच्या कोअरवर चालवायची परवानगी ही सहसा वेगवेगळी फीचर असतात आणि प्रत्येकाची संख्या वेगळी असते. पडद्याच्या २५ सीट आहेत म्हणून २५ जण सॉल्व्ह करू शकतीलच असं नाही. एका संशोधकाने १६ कोअरवर रन लावला की कोअरची परवानगी संपते आणि बाकीच्यांना ‘लायसन्स नाही’ एवढंच दिसतं. मग तोडगा सोपा असतो: प्रॅक्टिकलच्या प्रश्नांना एवढे कोअर लागतच नाहीत, मुलांच्या यंत्रांवर कोअरची संख्या मूळ परवान्यात बसेल एवढीच ठेवा.

मुलांना एक सवय लावा: नुसतं ‘चालत नाही’ न म्हणता त्रुटीचा आकडा लिहून द्यायचा. उणे ४ म्हणजे सगळ्या सीट खरंच वापरात आहेत. उणे ५ म्हणजे ते फीचर तुमच्याकडे नाहीच. उणे १० म्हणजे मुदत संपली. उणे १५ आणि उणे ९६ नेटवर्ककडे किंवा बंद सर्व्हरकडे बोट दाखवतात, उणे ९७ म्हणजे व्हेंडर डीमन पडला आहे. उणे २५ आला तर कुणी तरी तुमच्या देखभाल कराराच्या तारखेनंतरची आवृत्ती बसवली आहे. नव्या सीट घेण्याचं कारण या यादीत फक्त उणे ४ मध्ये असू शकतं, आणि त्यातही सीट खरंच कामात आहेत की अडकून पडल्या आहेत हे तपासावं लागतं.

अडकण्याचं कारण नीट समजून घ्या, कारण बराच तुटवडा तिथेच तयार होतो. मुलाने प्रोग्रॅम बंद केला तर सीट लगेच परत येते. प्रोग्रॅम कोसळला तरी जोडणी तुटते आणि सीट सुटते. पण पीसीची वीजच गेली, किंवा तास संपल्यावर बटण दाबून यंत्र बंद केलं, तर सर्व्हरला निरोपच जात नाही. त्याच्या दृष्टीने तो विद्यार्थी अजून बसलेलाच आहे. समोरचं यंत्र जिवंत आहे का, याची चौकशी विंडोज आणि लिनक्स दोन्ही प्रणाली मूळ सेटिंगप्रमाणे दोन तास शांतता गेल्यावर करतात. प्रॅक्टिकलही बहुधा दोन तासांचं. आधीच्या बॅचने यंत्रं तशीच बंद केली तर त्या सीट नंतर येणाऱ्या बॅचचा पूर्ण वेळ खाऊ शकतात. लॅब असिस्टंटला सांगा: आधी प्रोग्रॅम बंद, मग शटडाउन, मग मेन स्विच. या एका सवयीने पडणारा फरक तुमच्या आलेखात दिसेल.

तरीही अडकलेली सीट एलएमरिमूव्ह या आज्ञेने सोडवता येते. पण ज्याचं काम चालू आहे त्याच्यावर ती वापरू नका. प्रोग्रॅम जिवंत असेल तर तो सीट पुन्हा मागतो, आणि दरम्यान ती दुसऱ्याने घेतली असेल तर त्याचं न साठवलेलं काम धोक्यात येतं. आणखी एक: मूळ सेटिंग ठेवली तर एलएमडाउन (सर्व्हर बंद करणारी) आणि एलएमरिमूव्ह या आज्ञा नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीवरूनही देता येतात. एखाद्या हुशार विद्यार्थ्याला हे कळायला वेळ लागत नाही. एलएमजीआरडी सुरू करताना ‘लोकल’ हा पर्याय दिला की एलएमडाउन फक्त सर्व्हरच्या पीसीवरूनच चालतं; एलएमरिमूव्ह बंद करायला ‘-x lmremove’ हा वेगळा पर्याय आहे.

आता नियमांची फाइल, म्हणजे ऑप्शन्स फाइल. व्हेंडर डीमनचं नाव आणि पुढे टिंब देऊन ऑप्ट, अशा नावाची साधी मजकूर फाइल लायसन्स फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवली की सर्व्हर ती आपोआप वाचतो. नोटपॅडमध्ये ती साठवताना शेवटी न दिसणारं टीएक्सटी चिकटतं आणि फाइल वाचलीच जात नाही, म्हणून विंडोजमध्ये फाइलची पूर्ण नावं दिसतील अशी सेटिंग आधी करा. फाइल लागू झाली की डीबग लॉगमध्ये ‘युझिंग ऑप्शन्स फाइल’ अशी ओळ येते. ती दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

या फाइलमध्ये गट करता येतात, माणसांच्या लॉगिनचे किंवा यंत्रांच्या नावांचे. तुमच्या लॅबमध्ये सगळ्या पीसींवर ‘स्टुडंट’ असं एकच लॉगिन असेल तर माणसांचा गट निरुपयोगी आहे, सर्व्हरला सगळे एकच दिसतात. यंत्रांचा गट करा, म्हणजे ‘होस्ट ग्रूप’. त्यासाठी प्रत्येक पीसीचं नाव वेगळं हवं. एका हार्ड डिस्कवरून सगळ्या पीसींवर इमेज ओतली असेल तर नावं सारखी राहून गेलेली असू शकतात, मग कुणाची सीट कुठली हे ओळखता येत नाही. लॅबचा क्रमांक आणि बाकाचा क्रमांक अशी नावं द्या आणि तीच चिठ्ठी मॉनिटरवर चिकटवा. संशोधकांना मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन द्या आणि त्यांचा गट लॉगिनवरून करा. लॉगिनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. तो फरक दुर्लक्षित करायला सांगणारी ‘ग्रूप केस इन्सेन्सिटिव्ह ऑन’ ही ओळ (सलग, मध्ये जागा न सोडता) फाइलच्या सुरुवातीलाच टाका.

वाटपासाठी तीन शब्द महत्त्वाचे: ‘रिझर्व्ह’, ‘मॅक्स’ आणि ‘इन्क्लूड’. विभागांना रिझर्व्ह आवडतं, कारण ते हक्काचं वाटतं. आम्ही ते टाळायला सांगतो. एसटीत राखीव सीटवर निदान हक्काचा माणूस येईपर्यंत बसता येतं, इथे तेही नाही. राखून ठेवलेली सीट रिकामी असली तरी इतरांना मिळत नाही आणि एलएमस्टॅटमध्ये ती वापरात असल्यासारखी मोजली जाते, त्यामुळे तुमचा आलेखही खोटा होतो. ‘मॅक्स’ बरं: एखाद्या गटाने जास्तीत जास्त किती घ्यायच्या एवढंच ते सांगतं. संशोधकांच्या गटाला दिवसा मॅक्स ५ दिलं तर २० सीट, म्हणजे नेमकी एक बॅच, मोकळी राहते. सहाव्या संशोधकाला उणे ८७ दिसेल. त्याचा अर्थ त्यांना आधीच सांगून ठेवा, नाही तर सर्व्हर बिघडला म्हणून फोन येतील. ‘इन्क्लूड’ फार जपून वापरा. एखाद्या फीचरला एका माणसासाठी इन्क्लूड लावलं की यादीत नसलेले बाकी सगळे बाहेर जातात.

ऑप्शन्स फाइलला दिवस-रात्र कळत नाही. म्हणून दोन फाइली करा. दिवसाच्या फाइलमध्ये संशोधकांना ५, रात्रीच्या फाइलमध्ये २२. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता टास्क शेड्युलरने योग्य फाइल जागेवर ठेवायची आणि एलएमरीरीड (फाइल पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा) चालवायचं. काही विक्रेत्यांचा डीमन रीरीडने नवे नियम उचलत नाही, त्यांना पूर्ण रीस्टार्ट लागतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी एकदा करून बघा. आणि हे ध्यानात ठेवा की रीरीड कुणाच्या हातातली सीट काढून घेत नाही. सकाळी ८ ला रात्रीचे १२ रन चालूच असतील तर दिवसाचा नियम त्यांच्या पुढच्या मागणीपासून लागतो. संशोधकांनी रन बॅच मोडमध्ये, पडदा न उघडता लावावेत, म्हणजे पडद्याची सीट रात्रभर अडकत नाही. ठरावीक अंतराने निकाल साठवून पुन्हा तिथूनच सुरू करता येईल अशी रीस्टार्ट फाइलची सोयही चालू ठेवावी. विभागाकडे स्लर्म या कामं रांगेत लावणाऱ्या प्रणालीवर चालणारं क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक संगणक) असेल तर त्यालाच लायसन्सची संख्या सांगून ठेवता येते, सीट मोकळी होईपर्यंत काम रांगेत थांबतं.

रिकामा पडदा उघडा ठेवून चहाला जाणाऱ्यांसाठी ‘टाइमआउट’ आहे. फीचरचं नाव आणि सेकंद लिहायचे. विक्रेत्याने ठरवलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी लिहिलं तर तो किमान आकडाच धरला जातो, सहसा तो ९०० सेकंद म्हणजे १५ मिनिटं असतो, काहींचा बराच जास्त. पण काही प्रोग्रॅम लांब सॉल्व्ह चालू असताना सर्व्हरला निष्क्रिय दिसू शकतात. म्हणून आधी एका यंत्रावर तासाभराचा रन लावून, मधेच सीट जात नाही ना, हे बघा. पहिला महिना ३६०० सेकंद ठेवा, तक्रार आली नाही तर १८०० वर या.

यापुढचं काम सर्व्हरवर नाही, टाइमटेबलवर आहे. ४० मुलं एकाच वेळी आणि २५ सीट, यावर ऑप्शन्स फाइलकडे उत्तर नाही. तिसऱ्या वर्षाचा तास मंगळवार-गुरुवारऐवजी सोमवार-बुधवार झाला तर ४० ची गरज २० वर येते आणि संशोधकांचे ५ धरून २५ मध्ये सगळे बसतात. टाइमटेबल या सत्रात हलत नसेल तर दोन बॅचेसची प्रयोगांची क्रमवारी उलटी करा. एक बॅच सॉफ्टवेअरवर असताना दुसरी मटेरियल टेस्टिंगच्या किंवा हाताने गणितं सोडवायच्या प्रयोगावर. यासाठी खर्च शून्य आहे, फक्त दोन शिक्षकांनी एकत्र बसावं लागतं.

लॅपटॉपवाल्या सरांकडे वळू. त्यांनी केलं ते ‘बॉरो’, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी सीट यंत्रावर उतरवून नेणं. अशी सीट एलएमरिमूव्हने परत आणता येत नाही. ती मुदत संपल्यावर किंवा त्याच लॅपटॉपवरून परत केल्यावरच सुटते. मधेच लॅपटॉप फॉरमॅट झाला तर मुदत संपेपर्यंत ती गेलीच. म्हणून त्यांच्यावर चिडण्यापेक्षा नियम सर्वांना सारखा करा: ‘मॅक्स बॉरो अवर्स’ ७२, म्हणजे शुक्रवारी नेलेली सोमवारी परत, आणि ‘बॉरो लोवॉटर’ २२, म्हणजे २२ सीट नेहमी सर्व्हरवर राहतील आणि एका वेळी तीनच बाहेर जातील. दोन्ही नावं फाइलमध्ये शब्दांच्या मध्ये खालची रेघ देऊन लिहायची. परिषद किंवा प्रदीर्घ दौरा असेल तर विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने अपवाद करा.

लेखी हा शब्द मुद्दाम वापरला. हे सगळे आकडे तुम्ही एकटीने ठरवून फाइलमध्ये टाकले तर उद्या प्रत्येक नकार तुमच्या नावावर जाईल. कनिष्ठ शिक्षकाला ज्येष्ठांची सीट रोखायला लावणं अन्यायाचं आहे, विभागाने ते करू नये. विभागीय बैठकीत विषय घ्या, इतिवृत्तात नोंद करा आणि विभागप्रमुखांच्या सहीचं एक पानी परिपत्रक काढायला सांगा. मसुदा असा चालेल: ‘विभागातील सर्व शिक्षक, संशोधक विद्यार्थी व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, सकाळी ८ ते सायंकाळी ६ या वेळेत पदवी प्रात्यक्षिकांस प्राधान्य राहील. या वेळेत संशोधनासाठी कमाल ५ परवाने उपलब्ध असतील. ३० मिनिटे वापर नसलेला परवाना आपोआप मुक्त होईल. परवाना विभागाबाहेर नेण्याची कमाल मुदत ७२ तास राहील. अपवादासाठी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा.’ निष्क्रियतेची मिनिटं तुमच्या चाचणीत जी ठरतील ती घाला. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना बैठकीआधी आलेख दाखवा. रात्रीच्या २२ सीट बघून त्यांचा विरोध बराच मावळेल.

क्रॅकचं उत्तर एका शब्दात नाही असं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे, अवैध प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायात वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण ‘शिकवण्यासाठीच’ म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. शिवाय क्रॅकच्या फाइलीबरोबर येणारे व्हायरस त्याच नेटवर्कवर पसरतात जिथे तुमचे गुणपत्रकांचे पीसी आहेत. हा सल्ला तोंडी आला असेल तर तुम्ही नकार ईमेलवर द्या, तो तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

त्या पीसींसाठी खुला, कायदेशीर मार्ग आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प, ज्याला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं पाठबळ आहे, तो सायलॅब, ओपनफोम अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि प्रयोगशाळा त्यांच्यावर नेण्यासाठी महाविद्यालयांना मदत करतो. सॉफ्टवेअर शिकवणारे स्पोकन ट्युटोरियलचे धडेही आयआयटी मुंबईतूनच सुरू झाले. तुमच्या प्रॅक्टिकलच्या यादीतले ट्रस, बीम, साधं उष्णतावहन असे सुरुवातीचे तीन-चार प्रयोग फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्सवर नीट होतात, प्रवाहाचे ओपनफोमवर. सगळं हलवायचा आग्रह नको. नोकरीच्या मुलाखतीत मुलांना व्यावसायिक पॅकेज विचारलं जातं, ते त्यांना यायलाच हवं. अनेक विक्रेते विद्यार्थ्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर मर्यादित नोडची (म्हणजे लहान मॉडेलपुरती) मोफत आवृत्तीही देतात. गृहपाठ त्यावर होऊ शकतो. ती संस्थेच्या लॅबमध्ये बसवायची परवानगी मात्र सहसा नसते, अटी वाचा.

अटी वाचायच्याच आहेत तर आणखी तीन जागा बघा. शैक्षणिक लायसन्स अध्यापनाचं आहे की संशोधनाचं. कॅम्पसबाहेरून व्हीपीएनने वापर चालतो का, आणि संलग्न महाविद्यालयांना देता येतं का (बहुधा नाही). आणि कन्सल्टन्सी: कंपनीकडून फी घेऊन केलेलं विश्लेषण शैक्षणिक सीटवर करायला बहुतेक करार मनाई करतात. विभागात टेस्टिंग-कन्सल्टन्सी चालत असेल तर हे विभागप्रमुखांच्या लक्षात लेखी आणून द्या.

चार आठवड्यांनी आलेख बघा. गर्दी फक्त दोन दुपारी असेल तर टाइमटेबल. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या सीट सकाळपर्यंत तशाच असतील तर टाइमआउट. हे दोन्ही करूनही सोमवार ते शुक्रवार रोज उणे ४ येत असेल, तर खरेदी योग्यच आहे आणि प्रस्तावाला आता पुरावा आहे. किती दिवस, कोणत्या वेळेत, किती वेगळ्या यंत्रांना, कोणत्या फीचरसाठी नकार मिळाला, हे एका तक्त्यात जोडा. १० ऐवजी ५ चं कोटेशनही मागवा, आणि कमी पडणारं फीचर फक्त सॉल्व्हरचं असेल तर तेवढंच मिळतं का विचारा. कार्यशाळेच्या आठवड्यापुरता वाढीव तात्पुरता परवाना अनेक विक्रेते विनंतीवर देतात, तो वर्षभराच्या सीटमध्ये मोजू नका.

खरेदी आदेशात दोन ओळी घालून घ्या. पहिली, जुन्या आणि नव्या सगळ्या सीटची मुदत एकाच तारखेला संपावी आणि ती ३१ मार्च नसावी. आर्थिक वर्षाच्या सोयीने ती तारीख पडते, पण तेव्हा सम सत्र ऐन भरात असतं आणि नूतनीकरणाची फाइल परचेस कमिटीत अडकली तर प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी उणे १० दिसतो. ३० जून मागा आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव मार्चअखेरीसच टेबलावर ठेवा. दुसरी, विक्रेत्याच्या पोर्टलवर संपर्क म्हणून विभागाचा कायमचा ईमेल नोंदवावा, कुणाचाही वैयक्तिक नको. सर्व्हरचा पीसी बदलायची वेळ आली की नवी फाइल त्याच नोंदलेल्या पत्त्यावरून मागावी लागते, आणि तो पत्ता निवृत्त झालेल्या सरांचा असेल तर आठवडा पत्रव्यवहारात जातो. सध्या पोर्टलवर कुणाचा ईमेल आहे, ते याच आठवड्यात बघून घ्या.